हलवलेला हात आणि हललेला हात
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हालचाली नव्यानं शिकणं आणि गेलेल्या हालचाली परत मिळवणं, या विषयावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीत काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्यानं काही वेगळं सांगितलं असेल, तर त्याचंच ऐकावं.

ह्यांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला साडेचार महिने झाले. वय ५८. उजवी बाजू गेली होती. आता काठी घेऊन चालतात, पण हात मागेच राहिला. मनगट थोडं वर उचलतं, बोटं मिटतात, उघडताना अडतात. रोज सकाळी मी अर्धा तास तेल लावून मालिश करते, मग मुलगा हात धरून पन्नास वेळा डोक्यापर्यंत वर-खाली करतो. दिवसभर दाबायला रबरी चेंडू दिला आहे. शेजारचे म्हणतात, सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही. खरं आहे का? (पंचवटी)

अर्धंच खरं आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, पुढे वेग मंदावतो. पण मंदावणं म्हणजे थांबणं नाही. वर्ष उलटून गेल्यावरही नेमक्या सरावानं हाताचा वापर वाढतो. तुमच्या पत्रातलं ‘मनगट थोडं वर उचलतं’ हे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचं वाटलं. ज्याचं मनगट स्वतःहून वर येतं, त्याच्या हातावर काम करायला भरपूर वाव असतो.

मालिशीनं कातडीला आणि मनाला बरं वाटतं. मुलगा हात हलवतो त्यानं सांधे आखडत नाहीत. दोन्हींचा उपयोग आहे, पण दोन्हींतून हात शिकत नाही. हाताला हुकूम मेंदूतून सुटतो, हात जरासा चुकतो, ती चूक डोळ्यांना आणि कातडीला कळते, आणि पुढचा हुकूम थोडा दुरुस्त होऊन सुटतो. शिकणं म्हणतात ते हेच. मुलानं हात उचलला तेव्हा हुकूम मुलाच्या मेंदूतून सुटला, ह्यांच्या नाही.

हात डोक्यापर्यंत नेणं मात्र आजपासून बंद करा. निरोगी माणूस हात वर नेतो तेव्हा पाठीवरचं खवाट्याचं हाडही सोबत फिरतं. अशा हातात ते फिरत नाही आणि खांद्यातला मऊ भाग दोन हाडांमध्ये चेपला जातो. पक्षाघाताच्या झटक्यानंतर खांदा दुखू लागण्याचं हे एक मोठं कारण, आणि एकदा खांदा दुखायला लागला की माणूस हाताचा सरावच टाळतो. दुसऱ्यानं हलवायचं तर खांद्याच्या उंचीपर्यंतच. खुर्चीतून उठवतानाही तो हात किंवा काख धरून ओढू नका. कमरेला आधार द्या.

चेंडूही काढून घ्या. बोटं मिटणं ह्यांना येतंच आहे, अडचण उघडण्याची आहे. दिवसभर मूठ दाबून सराव होतो तो मूठ दाबण्याचाच. त्यांना हवा आहे वस्तू सोडण्याचा सराव.

त्यासाठी घरातलं सामान पुरतं. टेकायला पाठ असलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. पाय जमिनीवर सपाट, टेबल कोपराच्या उंचीचं. दहा लिंबं आणि रुंद तोंडाचा स्टीलचा डबा. लिंबू पकडायचं, उचलायचं, डब्यावर न्यायचं आणि बोटं उघडून आत टाकायचं. सोडण्याचा क्षण सगळ्यांत अवघड जाईल. मनगट खाली झुकवलं की बोटं थोडी आपोआप उघडतात. सुरुवातीला तेवढी मदत घेऊ द्या. दहापैकी आठ-नऊ लिंबं नीट जाऊ लागली की काम अवघड करा: डबा चार बोटं लांब, मग डबा उंच पाटावर, मग लिंबाऐवजी अक्रोड, मग सुपारी, शेवटी शेंगदाणे. दहापैकी पाचही जमत नसतील तर एक पायरी खाली या. सगळं जमत असेल तर शिकण्यासारखं काही उरत नाही आणि काहीच जमत नसेल तर माणूस हिरमुसतो, म्हणून काम या दोन्हींच्या मधलं हवं.

आता किती वेळा, याबद्दल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका पाहणीत उपचाराच्या एका सत्रात हाताच्या कामाची सरासरी ३२ आवर्तनंच होत असल्याचं दिसलं. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, तिथे मात्र रोज शेकड्यांनी आवर्तनं होती. पुढे असंही दिसलं की असे रुग्ण तासाभरात तीनशे आवर्तनं करू शकतात. तुम्ही साठपासून सुरू करा: वीस सकाळी, वीस दुपारी, वीस संध्याकाळी. दर दोन-तीन दिवसांनी दहा वाढवा. कॅलेंडरवर आकडा लिहा, कारण दमल्यावर वीस केले तरी शंभर केल्यासारखे वाटतात.

एक चोरवाट बंद करावी लागेल. हात पुढे जात नाही म्हणून माणूस कमरेतून वाकून धड पुढे नेतो. लिंबू डब्यात पडतं, पण कोपर सरळ करायला हात शिकतच नाही. छाती आणि खुर्चीची पाठ यांच्याभोवती एक जुनी सुती ओढणी सैल, श्वास अडणार नाही अशी गुंडाळा. धड पुढे गेलं की ती लागेल आणि आठवण होईल. तुम्ही शेजारी असतानाच हे करा.

चांगल्या हाताला आवर घालण्याचीही एक पद्धत आहे. झटक्यानंतर सुरुवातीला दुबळा हात वापरून पाहिला की काम फसतं, डाव्या हातानं लगेच होतं, आणि हळूहळू उजवा हात वापरायचाच नाही अशी सवय पक्की होते. नंतर हातात थोडी ताकद आली तरी सवय सुटत नाही. एडवर्ड टाउब या अमेरिकी संशोधकानं हे आधी माकडांमध्ये दाखवलं. मग २००६ साली २२२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या लोकांपैकी काहींच्या चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड हातमोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून कामं करून घेतली. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. यासाठी साधारणपणे मनगट २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून उघडावी लागतात. थेरपिस्टकडून ते मोजून घ्या. तेवढं उघडत असेल तर घरी रोज दोन तास डाव्या हातात हातमोजा घालून बसल्या जागची कामं द्या: टेबल पुसणं, घड्या घालणं, वाटीतले मुरमुरे खाणं. चालताना, जिन्यावर, न्हाणीघरात आणि गरम भांड्याजवळ हातमोजा अजिबात नको. तोल गेला तर सावरायला तोच हात लागतो.

सरावात छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना गाठा. चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा नवा अशक्तपणा आला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

मिनिटाला ३० शब्दांच्या मराठी टायपिंग परीक्षेची तयारी करते आहे. रेमिंग्टन कीबोर्ड. रोज सलग चार तास बसते, तोच उतारा पुन्हा पुन्हा मारते. त्या उताऱ्यावर २८ पर्यंत जाते, नवा दिला की २१. महिनाभर तिथेच अडकले आहे. (नाशिकरोड)

२१ हाच तुमचा खरा वेग आहे. २८ हा त्या एका उताऱ्याचा वेग, कारण तो बोटांना पाठ झाला आहे. अशा पाठांतरानं सराव करताना छान वाटतं, पण परीक्षेत ते उपयोगी पडत नाही.

१९७८ साली ॲलन बॅडली आणि एका सहकाऱ्यानं ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवण्याचा प्रयोग केला. काही जण रोज एकच तास शिकले, काही जण रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं. एक तासवाल्यांना तेवढंच शिकायला एकूण तास कमी लागले आणि नंतरही त्यांच्या लक्षात चांगलं राहिलं. गंमत अशी की नाराज तेच जास्त होते. आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. चार तास बसल्याचं समाधान हे म्हणूनच फसवं.

दिवसाला चाळीस-चाळीस मिनिटांची दोन सत्रं करा, मध्ये निदान चार तास. पहिली दहा मिनिटं फक्त अडणाऱ्या जोड्या. रेमिंग्टनवर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून, रफार अक्षरानंतर, आणि बरीच अक्षरं अर्धी मारून काना जोडून पुरी करायची. बहुतेकांची बोटं इथेच थबकतात. ‘निर्मिती’, ‘कर्तव्य’, ‘स्थिती’, ‘प्रत्यक्ष’ असे वीस शब्द काढा आणि ते ओळीनं न मारता उलटसुलट मिसळून मारा. एकच शब्द वीसदा मारला की पुढच्या वेळी तो आठवावा लागत नाही. मिसळले की दर वेळी आठवावा लागतो. १९७९ साली शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर हेच दाखवलं: मिसळून शिकणारे सरावात मागे होते, पण दहा दिवसांनी पुढे. मग वीस मिनिटं रोज नवे उतारे, चुका शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त होणार नाहीत अशा वेगानं. शेवटची दहा मिनिटं एकेका मिनिटाच्या धावा, चुकांची पर्वा न करता, नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगानं. बोटांकडे बघू नका, बोटांचा विचारही करू नका. नजर उताऱ्यात एक शब्द पुढे असू द्या. आणि रात्री जागून सराव करू नका. बोटांच्या क्रमाचा सराव रात्रीच्या झोपेत पक्का होतो, हे प्रयोगांत नीट दिसलं आहे.

मुलगा पहिलीत आहे, डावखुरा. आजोबा उजव्यानंच लिहायला लावतात. (सिन्नर)

लिहायचा हात बदलू नका. जेवण उजव्या हातानं, ही घरची रीत आजोबांना ठेवायची असेल तर त्यानं बिघडत नाही. वही शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे, वरची कड उजवीकडे झुकवून. पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटीमीटर वर धरायची, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि हाताखाली पुसत नाही. देवनागरीत डावखुऱ्याला शिरोरेघ ढकलत न्यावी लागते आणि कागद फाटतो. मऊ पेन्सिल द्या, आणि अक्षरागणिक नव्हे तर शब्द पुरा झाल्यावर एकदाच रेघ ओढायला शिकवा. वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा.

धाकटा भाऊ अंबडच्या कारखान्यात पत्रा कापतो. तर्जनी आणि मधल्या बोटाची नस तळव्याच्या बाजूनं कापली गेली, ऑपरेशन होऊन चार आठवडे झाले. बोटं ताठ झाली आहेत. आई म्हणते, स्प्लिंट काढून जोर लावून सरळ करू या. शिवाय बोटांची टोकं बधिर आहेत. (सातपूर)

आईंना थांबवा. शेकायला पाणी तापायचं ठेवलं असेल तर तेही राहू द्या.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘नस’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात: बोट वाकवणारी कंडरा, संवेदना नेणारा मज्जातंतू आणि रक्तवाहिनी. डिस्चार्ज कार्डावर नेमकं काय शिवलं ते पाहा. टोकं बधिर आहेत म्हणजे कंडरेबरोबर मज्जातंतूही कापला असण्याची शक्यता आहे, आणि दोघांचा हिशोब वेगळा.

शिवलेली कंडरा दोरीसारखी लगेच मजबूत नसते. पहिले काही आठवडे ती फक्त टाक्यांवर तगते. सहा आठवड्यांच्या सुमारास हलकं काम पेलते, जड वजनाला बाराएक आठवडे लागतात. बोट आणि मनगट एकाच वेळी मागे सरळ केलं की तिच्यावर सर्वांत जास्त ताण येतो. आई नेमकं तेच करू पाहताहेत. बरेचदा कंडरा तुटते ती अशीच: बरं वाटतंय म्हणून स्प्लिंट काढला, बादली उचलली, आत ‘टक’ झालं. पुन्हा ऑपरेशन, आणि निकाल पहिल्यापेक्षा कमी.

पण नुसतं बांधून ठेवणंही चालत नाही. कंडरा बोटात एका अरुंद बोगद्यातून सरकते. हालचाल झाली नाही तर ती आजूबाजूला चिकटते, आणि मग बोट दुसऱ्यानं वाकवलं तर वाकतं, स्वतःहून वाकत नाही. म्हणून स्प्लिंट न काढता, त्याच्या आतच, दर तासाला दहाएक वेळा हालचाल करायची असते: दुसऱ्या हातानं बोटं हळूच पुरी मिटवायची, मग स्प्लिंटच्या छतापर्यंतच उघडायची. स्वतःच्या ताकदीनं कधी आणि किती मिटवायचं, हे टाका कोणत्या पद्धतीचा आहे त्यावर ठरतं. ते सर्जनला विचारूनच. या आठवड्यात हँड थेरपिस्टला दाखवा. तंबाखू, मिश्री, विडी यांनी रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरायला वेळ लागतो, हे भावाला स्पष्ट सांगा.

मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. जखम बोटाच्या मुळाशी असेल तर टोक सात-आठ सेंटीमीटरवर, म्हणजे अडीच ते तीन महिने. आधी मुंग्या येतील, सुया टोचतील. ते चांगलं लक्षण. संवेदना परतते तेव्हा मेंदूला ती नीट वाचता येत नाही, कारण तंतूंची जुळणी पूर्वीसारखी होत नाही. ते वाचन पुन्हा शिकवावं लागतं. रवा, रांगोळी, ज्वारी, कापूस अशा चार वाट्या. एकात बोट घालून आधी बघत, मग डोळे मिटून ओळखायचं, चुकलं तर डोळे उघडून पुन्हा चाचपायचं. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. तोवर बधिर बोट चहाच्या कपापासून आणि मशीनपासून जपा. भाजल्याचं त्याला कळणार नाही.

आजीला विस्मरणाचा आजार आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण वाती झरझर वळते. हे कसं? खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला वॉकर दिला आहे, तो घ्यायचं रोज विसरते. शिकवून उपयोग आहे का? (निफाड)

आहे. घडलेल्या गोष्टी आठवणं आणि हातांना काम येणं ही मेंदूतली दोन निराळी कोठारं आहेत. १९५३ साली फेफऱ्यासाठी मेंदूचं ऑपरेशन झालेल्या एका अमेरिकी रुग्णाची नवी आठवण पूर्ण थांबली होती. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून तारा गिरवायला लावला: तीन दिवस, रोज दहा वेळा. तिसऱ्या दिवशी तो सफाईनं गिरवत होता, आणि हे आपण पूर्वी कधी केलंय हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

आजींना तसंच शिकवा. ‘काल काय सांगितलं होतं?’ असं विचारू नका. आठवत नाही म्हणून त्या अंदाजानं काहीतरी करतील, आणि तो चुकीचा अंदाजच हातात बसेल, कारण ती चूक होती हे त्यांच्या लक्षात राहणार नाही. रोज एकच खुर्ची, हातांची; वॉकर उजव्या हाताशी, दिसेल असा. त्या हलायच्या आधीच तुम्ही म्हणा, रोज त्याच शब्दांत: ‘पुढे सरका. पाय मागे. हात खुर्चीवर. नाक पुढे. उठा. आता वॉकर.’ वॉकर धरून उठू देऊ नका, तो उलटतो. दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीनदा. दोनेक आठवड्यांनी शेवटचा शब्द गाळून बघा. हात आपोआप वॉकरकडे गेला तर आदला शब्दही गाळा. घरातल्या सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे. सूनबाईंचे वेगळे आणि नातवाचे वेगळे असले तर काही बसणार नाही.

वडिलांना पार्किन्सन्स आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात राहतो. अंगणात बरे चालतात, पण दाराच्या उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आम्ही हात धरून ओढतो, तर पडायला होतं. (जुने नाशिक)

ओढल्यानं धड पुढे येतं आणि पाय मागेच राहतात, म्हणून पडायला होतं. पाय अडले की सगळ्यांनी थांबायचं. वडिलांनी ताठ उभं राहायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर दोन-तीनदा डोलवायचं, मग मोकळा झालेला पाय मोठं पाऊल टाकत पुढे. तुम्ही ‘चला चला’ म्हणू नका, घाईनं पाय आणखी जखडतात.

विचार न करता पावलं टाकण्याचं काम मेंदूच्या आतल्या ज्या भागाचं, तोच या आजारात दुबळा होतो. डोळ्यांसमोर ठरलेली खूण असली तर मेंदू दुसऱ्या वाटेनं काम काढून घेतो. म्हणून दाराच्या अलीकडे चार आणि पलीकडे तीन आडव्या पट्ट्या चिकटवा, फरशीच्या रंगाहून वेगळ्या, घसरणार नाहीत अशा. अंतर त्यांच्या बऱ्या दिवसाच्या पावलाएवढं. अंगणात चालताना मोजून घ्या, बहुधा ४५ ते ५५ सेंटीमीटर भरेल. नजर उंबरठ्यावर नको, पुढच्या पट्टीच्या पलीकडे पाय टाकण्यावर हवी. पट्टीवर पाय द्यायचा नाही, ओलांडायची. मोबाइलवरचा ठेकाही चालतो, पण त्यांच्या सहज चालीएवढाच. जलद ठेवला तर पावलं आखूड होतात.

वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. हातात पाण्याचा तांब्या घेऊन किंवा बोलत बोलत दार ओलांडायचं नाही. चालणं आता त्यांना लक्ष देऊन करावं लागतं आणि लक्ष एकच आहे. सराव गोळीचा अंमल असताना करा, रोज वीस मिनिटं, आणि गोळ्यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळा. लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची गोळी चालू असेल तर ती डाळ, दूध, अंडी अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतल्यानं कमी लागू पडू शकते. जेवणाच्या किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून कमी करू नका.

उंबरठा काढता आला तर उत्तमच. वाड्याचा म्हणून काढायचा नसेल तर त्याची कड पिवळ्या रंगानं रंगवा, दाराशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा आणि रात्री तिथे दिवा चालू ठेवा. पट्ट्या झिजल्या, कडा सुटल्या की लगेच बदला. सुटलेल्या कडेत पाय अडकतो.